पळसाला पानं तीनच

 

आज आम्ही तुम्हाला एका चित्राची हकीकत सांगणार आहोत. चित्र पळसाच्या झाडाचं आहे. ५ फूट लांब, ३ फूट रुंद मांजरपाटावर काढलेलं. रंग झाडापाल्याचे आणि मातीचे. काढलं आम्ही सहा जणींनी, हाताने. पण कोणती फांदी कुठं घ्यायची, बाया कुठं बसवायच्या, काठ कसा धरायचा, हे ठरवायला आम्ही फोनवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली. तेच ते, ज्याला पोरं ‘एआय’ म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, यंत्रानं चित्र काढलं तर तुम्ही काय केलं? आज नेमकं तेच सांगायचं आहे. कोणतं काम यंत्राचं, कोणतं आपलं, आणि पैसे व नाव कोणाचं.

पहिल्यांदा पळसच का, ते सांगतो. आमच्या यवतमाळच्या भागात माळावर, बांधावर, नाल्याच्या काठी पळस असतोच. माघ-फाल्गुनात सगळी पानं गळतात आणि उघड्या फांद्यांवर केशरी फुलं पेटल्यासारखी दिसतात. होळीचा रंग त्या फुलांचा. लग्नाकार्यात पत्रावळी आणि द्रोण त्या पानांचे. बाळंतिणीच्या लाडवात जो कमरकस घालतात, तो त्याच झाडाचा डिंक. मुळांच्या सालीचे दोर वळत. शेंगेत बी एकच, चपटं, त्याला पळसपापडी म्हणतात. एवढं देणारं झाड आपल्या रोजच्या बघण्यातलं, म्हणून आम्ही तेच निवडलं.

आता यंत्राचं. एआय चित्र कसं काढतं, हे सोप्या भाषेत असं. त्याला लाखो-करोडो चित्रं आणि फोटो दाखवलेले असतात, प्रत्येकासोबत हे काय आहे ते शब्दांत दिलेलं असतं. त्यावरून कोणत्या शब्दाला कसं चित्र जुळतं, याची त्याला सवय लागते. आपण बोलून किंवा लिहून सांगितलं की त्या सवयीतून ते नवं चित्र जुळवतं. मराठीत बोललं तरी बऱ्याच वेळा कळतं. समजा, एखाद्या पाहुण्यानं घरात बसून लाखो फोटो पाहिलेत, पण झाडाखाली तो कधी उभाच राहिला नाही. तो बोलेल भराभर. पण ज्याचे फोटो त्याने कमी पाहिले, त्याबद्दल तो अंदाजाने बोलेल, आणि अंदाज आहे हे सांगणारही नाही.

आमच्या बाबतीत तसंच झालं. आमच्या गटातली बारावी झालेली एक सून फोन चालवते. ती म्हणाली, “फुललेलं पळसाचं झाड आणि खाली पत्रावळी टाचणाऱ्या बाया, असं चित्र दाखव.” अर्ध्या मिनिटात चित्र आलं. रंग असे की सगळ्या ‘वा’ म्हणाल्या. आमच्यात सगळ्यात वडील एक आजी आहेत. त्यांनी फोन डोळ्याजवळ धरला, निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “हा पळस नाही. पळसाला पानं तीनच.”

मग सगळ्यांनी बघितलं. एकेका देठाला पाच-पाच पानं, सावरीसारखी. झाड फुलांनी भरलेलं, आणि त्याच वेळी हिरव्या पानांनीही गच्च. फुलं गुलमोहरासारखी उघडी, पसरट. बायांच्या पुढ्यात पत्रावळीच्या जागी केळीचं पान. आणि एका बाईच्या हाताला सहा बोटं!

ही म्हण आपण किती वेळा वापरतो. कुठंही गेलं तरी माणसाचा स्वभाव, जगाची रीत तीच, असा तिचा अर्थ. पण म्हणीच्या मुळाशी कोणीतरी झाड नीट पाहिलेलं आहे. एका देठाला तीन पानं, मधलं मोठं, बाजूची दोन थोडी वाकडी, एका अंगाला रुंद. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. पत्रावळी टाचताना हाताला कळलं.

मग आम्ही यंत्राला समजावून सांगायचं ठरवलं. आजी सांगत गेल्या आणि सून फोनमध्ये बोलत गेली. तीन पानं. फुलाच्या दिवसांत फांदी उघडी. कळीचा देठ काळपट, मखमलीसारखा. फूल पोपटाच्या चोचीसारखं वाकडं. रस प्यायला साळुंक्या आणि सूर्यपक्षी येतात. आमच्याच माळावरच्या पळसाचे फोटोही दिले. चित्र सुधारलं. फांद्या उघड्या झाल्या, फूल वाकलं, साळुंकी आली. पण पानं कधी तीन, कधी चार, कधी पाच. त्या दिवशी आम्ही कामाची वाटणी केली. चित्राची मांडणी सुचवायला यंत्र. पान, फूल, माणूस आणि रंग हाताने. आणि बरोबर की चूक, हे सांगणार ते झाड ओळखणारी बाई.

मांडणीत यंत्राची मदत खरंच झाली, हेही सांगायला हवं. एवढ्या मोठ्या कापडावर आम्ही आधी कधी काढलं नव्हतं. झाड मधोमध घेतलं तर बाया कोपऱ्यात जात होत्या. यंत्राकडून आम्ही दहा-बारा मांडण्या करून घेतल्या. एकीत झाड डावीकडे झुकलेलं आणि त्याच्या फांदीखाली बायांचा अर्धगोल होता, ती सगळ्यांना आवडली. आमच्या एका काकूंची ठिपक्यांची रांगोळी होती. तिचा फोटो देऊन काठ कसा दिसेल तेही पाहिलं. कागदावर हे करायला आठ दिवस गेले असते आणि कागद वाया गेला असता तो वेगळाच.

आता फोनवरचं चित्र कापडावर कसं उतरवलं ते ऐका. फोनमधल्या चित्रावर सारख्या चौकटी पाडल्या. कापडावर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखल्या, त्याही गवंडी भिंतीवर सूत मारतो तशा, दोरीला गेरू लावून. मग एकेका चौकटीत काय येतं ते बघून कोळशाने रेघ काढली. तुम्हाला कोणतंही चित्र मोठं करायचं असेल तर हाच उपाय धरा. त्याला वेगळं काही विकत आणावं लागत नाही.

रंगांचं जरा सावकाश सांगतो, कारण पुष्कळ जणी विचारतात.

कापड आधी उकळून त्यातली खळ काढली. मग हिरड्याची पूड पाण्यात भिजवून त्यात थोडं म्हशीचं दूध घातलं आणि कापड त्यात बुडवून सावलीत वाळवलं. हिरड्यामुळे रंग धरतो, दुधाच्या स्निग्धपणामुळे रेघ पसरत नाही. आंध्रातले कलमकारीवाले हेच करतात.

काळ्या रेघेसाठी गंजलेले खिळे, लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात घालून मडकं झाकून ठेवलं. दोन-तीन आठवड्यांनी ते पाणी गाळून घेतलं. मडक्यातलं पाणी फार काळं दिसत नाही. पण हिरड्याच्या कापडावर रेघ ओढली की डोळ्यांदेखत काळी पडते. पोरींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जादूच वाटली.

पळसाची फुलं आम्ही झाडावरून तोडली नाहीत, खाली पडलेली वेचली. रात्रभर भिजवून सकाळी अर्धा तास उकळली आणि गाळली. त्या अर्काचे दोन भाग केले. एकात तुरटी घातली, तो पिवळा झाला. दुसऱ्यात चुन्याची निवळी थेंब-थेंब घातली, तो केशरी झाला. रंग पातळ राहू नये म्हणून बाभळीचा डिंक. फुलाच्या टोकाला लालसर छटा हवी होती, तिथं गेरू. पानांना पिवळ्यावर लोखंडाच्या पाण्याचा हलका हात दिला, त्यामुळे शेवाळी हिरवा आला. हळद आम्ही मुद्दाम टाळली, कारण उन्हात ती उडते. आणि घेणाऱ्यालाही सांगितलं की हे चित्र थेट उन्हात लावू नका. लोखंडाचं पाणी आणि चुना पोरांच्या हाताला लागणार नाही असे ठेवायचे, एवढं मात्र लक्षात असू द्या.

बरं, फुलं आणि एआय एकत्र आणणारे आपणच पहिले आहोत, असं नाही. इंग्लंडमध्ये ॲना रिडलर नावाची एक कलाकार आहे. नेदरलँड्समध्ये, ट्युलिपच्या हंगामात, तिने ट्युलिपच्या फुलांचे १०,००० फोटो स्वतः काढले. प्रत्येक फोटोखाली फूल कोणत्या रंगाचं, कसं, ते हाताने लिहिलं. २०१८ मध्ये ते सगळे फोटो तिने कलाकृती म्हणून मांडले. त्याच फोटोंवर तिने यंत्राला शिकवलं आणि यंत्राने जगात कुठंही नसलेली ट्युलिपची फुलं दाखवली. आम्हाला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तिचं हाताने लिहिणं. यंत्र आपोआप शिकत नाही. त्याच्यामागे कोणीतरी फोटो काढलेले असतात, नावं लिहिलेली असतात. तिने ते कष्ट भिंतीवर लावून लोकांना दाखवले. एरवी ते दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्याची मजुरी कोणी देत नाही. घरकामाचं काय होतं, ते आपल्याला माहीतच आहे.

ही गोष्ट आमच्यापर्यंतही आली. आमचं चित्र एका प्रदर्शनात लावलं होतं. तिथं एक व्यापारी भेटला. म्हणाला, “तुमच्या गटाच्या सगळ्या चित्रांचे आणि रांगोळ्यांचे फोटो मला द्या. मी यंत्राकडून त्याच पद्धतीची शेकडो डिझाइन काढून पिशव्यांवर छापतो. तुम्हाला एकरकमी ५,००० रुपये देतो.” आमच्यात दोन मतं पडली. काही जणी म्हणाल्या, फोटोच तर द्यायचे आहेत, पैसे घरी येतात, का सोडायचे? काही म्हणाल्या, एकदा दिलं की परत कोण बोलावणार? पाच हजार म्हणजे एका घरची फी, एका घरचं बियाणं. त्यामुळे ‘नको’ म्हणणं सोपं नव्हतं.

आम्ही आठ दिवस मागून घेतले आणि माहिती काढली. त्यातल्या तीन गोष्टी तुम्हालाही उपयोगी पडतील. एक, आपण हाताने काढलेल्या चित्राचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, चित्र काढल्याक्षणी आपला असतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी नोंदणी करावीच लागते असं नाही. तो हक्क काढणारीच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. दोन, तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनेच देता येतो. तोंडी ‘घेऊन जा’ म्हटल्याने हक्क जात नाही. तीन, कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. म्हणून सही करण्याआधी कोणती चित्रं, कशासाठी, किती वर्षं, किती पैसे, हे कागदावर आहे का ते पाहायचं. नसेल तर लिहून मागायचं.

आम्ही त्या व्यापाऱ्याला हेच विचारलं. पिशवीवर आमच्या गटाचं नाव छापणार का? दर पिशवीमागे काही देणार का? फोटो यंत्राला शिकवायला दुसऱ्या कोणाला देणार नाही, असं लिहून देणार का? त्याने नंतर फोन केला नाही. फोटो आमच्याकडेच राहिले. ५,००० रुपये मात्र गेले, आणि ते गेल्याचं ज्यांना वाईट वाटलं त्यांना आम्ही चुकीचं म्हणत नाही.

या ठिकाणी वारली चित्राची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार या भागात लग्नाचा चौक भिंतीवर काढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या सवाशिणींचं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक काढायचा. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या जाणत्यांमुळे ही कला कागदावर आली. जिव्या सोमा म्हशे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं काम मोठंच आहे, त्याबद्दल दुमत नाही. २०१४ मध्ये वारली चित्राला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे हे नाव कोणीही उठून आपल्या मालाला लावू नये, याला कायद्याचा आधार आला. पण चौक काढणाऱ्या त्या शेकडो सवाशिणींची नावं आपण सांगू शकतो का? भिंत सारवली की चित्र गेलं, आणि नाव कोणी लिहून ठेवलंच नव्हतं.

चित्र भिंतीवरून कागदावर गेलं तेव्हा असं झालं. आता ते कागदावरून फोनमध्ये चाललं आहे. या वेळी आपण नाव आधीच लिहून ठेवायचं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

म्हणून आम्ही एक वही केली. कोण, कोणतं काम, किती तास. पळसाच्या चित्राला सगळे मिळून २३० तास लागले. रेखाटणं आणि रंगवणं १६८, कापड आणि रंग तयार करणं ४०, फोनवरचं काम १४, आणि आजींनी बसून झाड समजावून सांगितलं ते ८. या आठ तासांवरून बैठकीत वाद झाला. आजी स्वतःच म्हणाल्या, “मी काय केलं? बोलले फक्त.” पण सून म्हणाली, “तुम्ही बोलला नसता तर आपण पाच पानांचा पळस काढून विकला असता.” मग ठरलं, सांगणं हेही काम. चित्र १२,००० रुपयांना गेलं. सामानाचे १,१४० आणि गटाच्या निधीचे १,२०० काढले. उरलेले ९,६६० रुपये तासावर वाटले, तासाला ४२ रुपये. फोन चालवणारीला ५८८ मिळाले, आजींना ३३६. आजींनी त्यातून नातीला कंपासपेटी घेतली.

चित्राच्या मागे आम्ही एक चिठ्ठी शिवली. तिच्यावर लिहिलं: मांडणीसाठी एआयची मदत घेतली, चित्र आणि रंग हाताचे, रंग कशाचे, आणि खाली सहा जणींची व आजींची नावं. काहींना भीती वाटत होती की यंत्राचं नाव लिहिलं तर किंमत पडेल. पण घेणाऱ्या बाईंनी चित्राआधी ती चिठ्ठीच दोनदा वाचली आणि रंग कसे केले ते विचारत अर्धा तास बसल्या. आपण लपवलं असतं आणि नंतर कळलं असतं, तर हाताच्या कामावरचाही विश्वास गेला असता.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाला असं काही करायचं असेल तर सुरुवात फोनपासून करू नका. झाडापासून करा. तुमच्या शिवारातलं एक झाड निवडा. मोह असेल, बेल असेल, करवंदीची जाळी असेल, नाहीतर मंगळागौरीला आपण जी पत्री गोळा करतो त्यातलं काही. गावातल्या वडील बायांना बोलवा आणि त्या झाडाबद्दल त्या जे सांगतील ते वहीत उतरवा. पान किती, फूल कधी, फळ कसं, कशाला लागतं. स्वतः आधी एक चित्र हाताने काढा, वाकडंतिकडं आलं तरी चालेल. त्यानंतर फोन घ्या. यंत्राने दिलेलं चित्र वहीशी ताडून पाहा. घरच्या बायकांचे, लेकरांचे फोटो त्यात टाकू नका. काही ॲप आपण दिलेली चित्रं पुढं शिकण्यासाठी ठेवून घेतात. ते बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे का, हे गटातल्या शिकलेल्या मुलीला बघायला सांगा. आणि तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. काम संपल्यावर आठवून लिहिलेले तास कमीच भरतात, आणि कमी भरतात ते नेहमी आपलेच.

पुढच्या बैठकीत आम्ही मोहाचं चित्र घेणार आहोत. मोहाची पानं कधी गळतात आणि फूल पहाटेच का पडतं, हे विचारायला आजींकडे आत्ताच दोन मुली जाऊन बसल्या आहेत. तुमच्या गावच्या झाडाचं तुम्ही काय काढलं, ते आम्हाला नक्की कळवा.